नंतर जोडता येत नाही ते आधी बघा

या वेळच्या पत्रांत मदरबोर्डचे प्रश्न इतके होते की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. त्यात विचारलेलंच इतर अनेकांनी वेगळ्या शब्दांत विचारलं आहे.

प्रश्न : ताई, रायझन ५ ९६००एक्स हा एएमडीचा प्रोसेसर घ्यायचं नक्की केलंय. रॅम आणि एसएसडीचे पैसे बाजूला काढले की बोर्डासाठी फार उरत नाहीत. ए६२०, बी६५०, बी८४०, बी८५० असे बोर्डाचे चार प्रकार समोर आहेत. काम कोडिंगचं, अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग. ग्राफिक्स कार्ड वर्षभराने घेईन. एक मित्र म्हणतो, बोर्डाने वेग वाढत नाही, सगळ्यात स्वस्त उचल. दुसरा म्हणतो, बी८५० च्या खाली उतरू नकोस. कोणाचं ऐकू?

उत्तर : पहिल्या मित्राचं अर्धं म्हणणं खरं आहे. तोच प्रोसेसर आणि तीच रॅम साध्या बोर्डावर लावा नाहीतर महागड्या, रोजच्या कामात फरक जवळजवळ जाणवत नाही. पण म्हणून सगळ्यात स्वस्त उचलावा, हे मला पटत नाही. कमी पैशांत बोर्ड निवडणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारते : या बोर्डावर जे नाही, त्यातलं काय नंतर जोडता येईल आणि काय कधीच जोडता येणार नाही? वाय-फाय नंतर जोडता येतं. चांगला आवाज हवा असेल तर यूएसबीवरचं साउंड कार्ड मिळतं. वेगवान नेटवर्क पोर्ट, जादा यूएसबी, हार्ड डिस्क जोडायचे जादा साटा पोर्ट, सगळ्यांना कार्ड आहेत. पण प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, बायोस (बोर्ड सुरू करणारं त्याच्यातलं मूळ सॉफ्टवेअर) प्रोसेसरशिवाय अपडेट करायची सोय, स्लॉटची संख्या आणि मागचे डिस्प्ले पोर्ट कारखान्यातून आले तेवढेच. तुमचे मोजके पैसे या दुसऱ्या यादीवर जाऊ द्या.

आधी विजेचं सांगते, कारण याच भागात सगळ्यात जास्त काटकसर केलेली असते आणि खोक्यावर ती दिसत नाही. एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात एक-सव्वा व्होल्टच्या आसपास. हा उतार करणाऱ्या भागाला व्हीआरएम म्हणतात : सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, डाव्या आणि वरच्या कडेला चौकोनी कॉइल आणि त्यांच्या शेजारी चपट्या काळ्या चिपा दिसतात ना, तेच. तुमच्या ९६००एक्सवर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी तो भरात आला की ८८ वॅटपर्यंत ओढतो. ८८ वॅट म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला साधारण ७ अँपिअर. सव्वा व्होल्टच्या बाजूला तोच आकडा ७० अँपिअरच्या घरात जातो. हा सगळा प्रवाह त्या चिपांमधून जातो आणि त्यातला काही भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे त्या तापल्या की बोर्डच प्रोसेसरला वेग कमी करायला लावतो.

तुमच्या प्रोसेसरसाठी ८८ वॅट हा आकडा सौम्य आहे, बहुतेक बोर्ड तो पेलतात. मग काळजी कशाला? दोन कारणं आहेत. एक म्हणजे २०२४ मध्येच ९६००एक्स आणि ९७००एक्ससाठी बायोसमधून १०५ वॅटचा पर्याय उघडला गेला. तो चालू करायचा मोह होतो, आणि अशक्त बोर्डावर तो करू नये. दुसरं कारण मोठं आहे. एएम५ या तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटवर २०२७ पर्यंत आणि पुढेही नवे प्रोसेसर देत राहू, असं एएमडीने जाहीर केलं आहे. म्हणजे काही वर्षांनी बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलायची सोय तुम्हाला खरोखर आहे. आज रायझन ९ ७९५०एक्ससारखा प्रोसेसर २३० वॅटपर्यंत जातो, आणि मधल्या फळीतला रायझन ७ ९८००एक्स३डी १६२ पर्यंत. वर चढायचं असेल तर पाया आजच तसा हवा.

खोक्यावरच्या ‘८+२+१ फेज’ (व्हीआरएममधले समांतर तुकडे) अशा आकड्यांवर फार विसंबू नका. पहिला आकडा प्रोसेसरच्या कोअरसाठीचा, बाकीचे त्याच्या इतर भागांसाठीचे. पण दोन-दोन सुटे भाग एकाच इशाऱ्यावर जोडून ते वेगळे फेज म्हणून मोजायची पद्धत आहे, त्यामुळे आठ म्हणजे नेहमी आठ नसतात. मी आधी हीटसिंक बघते. व्हीआरएमवर धातूचा ठोकळा आहे का, एकाच कडेला आहे की दोन्ही, आणि तो स्क्रूने घट्ट बसवलाय की प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी. त्यानंतर अर्धा तास पूर्ण भार देऊन व्हीआरएमचं तापमान मोजलेली एखादी चाचणी शोधते. पाच मिनिटांच्या चाचणीतून काही कळत नाही, तोवर धातू नीट तापलेलाही नसतो.

आता तुमच्या चार नावांकडे. ए६२० मध्ये प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) नाही, पण रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (जादा वेगाची तयार सेटिंग) चालतं आणि ग्राफिक्स स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ४.० चाच असतो; पीसीआय एक्सप्रेस म्हणजे कार्ड आणि एसएसडी जोडायची पद्धत, आकडा मोठा तेवढी ती वेगवान. हा चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप, तिच्यावरूनच बोर्डाला हे नाव) ६५ वॅटचे प्रोसेसर डोळ्यासमोर ठेवून आणलेला आहे, म्हणून त्यावरचे बरेच बोर्ड विजेच्या बाबतीत काटकसरी असतात. बी६५० मध्ये ओव्हरक्लॉकिंग आहे, स्लॉट जास्त आहेत, आणि बहुतेक बोर्डांवर हीटसिंकही बरे असतात. बी८५० मध्ये एसएसडी बसवायचा मुख्य एम.२ स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ५.० चा मिळतो. तुमच्या कामात ४.० आणि ५.० च्या एसएसडीतला फरक शोधूनही सापडणार नाही. आणि बी८४० कडे नीट बघा. ८४० हा आकडा ६५० पेक्षा मोठा असला तरी हा बोर्ड त्याच्या वरचा नाही. यात प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग नाही आणि चिपसेटकडून येणारे मार्ग (डेटा वाहणाऱ्या वाहिन्या) पीसीआय एक्सप्रेस ३.० चे आहेत. नाव नवं म्हणून बी६५० च्या भावात तो घेऊ नका.

बायोसची गोष्ट तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची. बी६५० बोर्ड ऑक्टोबर २०२२ पासून विकले जात आहेत, तुमचा प्रोसेसर ऑगस्ट २०२४ चा. जुन्या साठ्यातला बोर्ड हाती आला तर त्यातलं बायोस या प्रोसेसरला ओळखणारच नाही. पंखे फिरतील, डिस्प्ले येणार नाही. बोर्डावर ‘बायोस फ्लॅशबॅक’ असेल तर ही अडचण घरीच सुटते. कंपनीप्रमाणे नाव थोडं बदलतं, पण मागच्या पॅनेलवर किंवा बोर्डावर एक छोटं बटण असतं आणि एक यूएसबी पोर्ट खूण केलेला असतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, नवी बायोस फाइल माहितीपुस्तिकेत दिलेल्या नावाने त्यावर ठेवायची, बोर्डाला फक्त वीज द्यायची आणि बटण दाबायचं. प्रोसेसर, रॅम काहीही लागत नाही. दिवा काही मिनिटं लुकलुकतो. तो थांबेपर्यंत वीज तोडायची नाही. ही सोय नसेल तर दुकानातूनच बायोस अपडेट करून घ्या, आणि आवृत्तीचा क्रमांक बिलावर लिहून मागा. बी८४० आणि बी८५० जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे तुमच्या प्रोसेसरनंतर आले. त्यांच्यावर हा प्रश्न येत नाही.

प्रत्येक बोर्डाच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, आणि प्रत्येक नावासमोर किमान बायोस आवृत्ती. ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याच पानावरून माहितीपुस्तिका उतरवा आणि तळटीपा वाचा. ‘दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावल्यास साटा ५ आणि ६ बंद होतील’ अशी वाक्यं तिथेच असतात, जाहिरातीत नाही.

रॅमचे दोनच स्लॉट असलेला बोर्ड पाहून नाक मुरडू नका. तुमच्या प्रोसेसरसाठी अधिकृत वेग दोन पट्ट्यांवर ५६०० आणि चार पट्ट्या भरल्या की ३६०० आहे. म्हणजे चारही स्लॉट भरणं डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅममध्ये तसंही फायद्याचं नाही. १६ जीबीच्या दोन पट्ट्या आज घ्या. ६४ लागलेच तर त्या विकून ३२ च्या दोन घ्या.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. वाय-फाय नंतर जोडता येतं असं वर म्हटलं, पण मायक्रो एटीएक्स (आकाराने लहान) बोर्डावर लहान पीसीआय एक्सप्रेस स्लॉट बऱ्याचदा ग्राफिक्स स्लॉटच्या अगदी खाली असतो. वर्षभराने तुम्ही जाड ग्राफिक्स कार्ड लावाल तेव्हा ते त्या स्लॉटवर बसेल आणि वाय-फायचं कार्ड काढावं लागेल. म्हणून बोर्डाच्या चित्रावर बोटाने मोजा : ग्राफिक्स स्लॉटच्या खालच्या दोन जागा गेल्या असं धरून काय उरतं? काहीच नसेल तर वाय-फाय असलेला बोर्ड घ्या किंवा यूएसबीवरचं चालवा.

मी तुमच्या जागी असते तर हीटसिंक, फ्लॅशबॅक आणि दोन एम.२ असलेला मायक्रो एटीएक्स बी६५० घेतला असता. तसाच बी८५० थोड्याच फरकात मिळाला तर तो. ए६२० ला माझी हरकत नाही, पण पुढे कधीही ६५ वॅटच्या वर जायचं नाही हे पक्कं असेल तरच. ९६००एक्सच्या खोक्यात कूलर नसतो, त्याचे पैसे धरलेत ना? एएम४ या आधीच्या सॉकेटचा जुना कूलर घरात असेल आणि तो बोर्डाच्या मूळ बॅकप्लेटला (बोर्डामागच्या आधारपट्टीला) बसणारा असेल तर बहुतेक वेळा तसाच चालतो.

प्रश्न : जुन्या मशीनमधून १६ जीबी डीडीआर४ रॅम निघाली आहे. ती वाया जाऊ नये म्हणून इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर आणि एच६१० बोर्ड घ्यावा असं वाटतं. पुढे पैसे आले की त्याच बोर्डावर आय७ चढवीन. बेत कसा आहे?

उत्तर : पूर्वार्ध चांगला आहे, उत्तरार्ध सोडून द्या. या प्रोसेसरचं एलजीए१७०० सॉकेट डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतं, पण एका बोर्डावर एकच. एकाच नावाचे दोन बोर्ड असतात, एक डीडीआर४ चा आणि एक डीडीआर५ चा, आणि पट्टीची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही. नावाच्या शेवटी ‘डी४’ आहे का ते बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेलं पुढचं सॉकेट, एलजीए१८५१, फक्त डीडीआर५ चं आहे. त्यामुळे ही रॅम वापरायची तर तुमचा रस्ता बरोबर आहे.

१२४००एफ जास्तीत जास्त ११७ वॅट ओढतो, एच६१० वर तो समाधानाने चालतो. एम.२ स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० चा मिळेल, म्हणजे एसएसडी सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपास थांबेल. घरगुती वापरात ते भरपूर झालं. ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासून कार्ड हवंच.

पण आय७? आय७-१४७००के २५३ वॅटपर्यंत जातो. माझ्याकडे अशी एक जोडणी तपासायला आली होती : लहान एच६१० बोर्ड, व्हीआरएम उघडा, वर आय७. फाइल उघडणं, ब्राउझर, सगळं झटपट. व्हिडिओ रेंडरला लावला की काही मिनिटांत वेग निम्म्यावर. मालकाने थर्मल पेस्ट बदलली, मोठा कूलर लावला, फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण प्रोसेसर थंडच होता. तापत होत्या त्या शेजारच्या चिपा, आणि बोर्ड त्यांना वाचवायला प्रोसेसरचा लगाम ओढत होता. मोठा कूलर बाजूने हवा फेकणारा होता, त्यामुळे मूळच्या कूलरची जी थोडी हवा खाली चिपांवर यायची तीही बंद झाली होती. मालकाला शेवटी बोर्डच बदलावा लागला.

आय७ चा विचार खरंच असेल तर आजच हीटसिंक असलेला डीडीआर४ चा बी७६० घ्या. आणि तेराव्या-चौदाव्या पिढीतला प्रोसेसर बसवण्याआधी बायोस अपडेट करा. त्या पिढ्यांतल्या अनेक प्रोसेसरांना जादा व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती, आणि इंटेलने त्यावरचा मायक्रोकोड (बायोसमधून मिळणारी प्रोसेसरची दुरुस्ती) ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दिला. त्याआधीच्या बायोसवर असा प्रोसेसर एक दिवसही चालवू नका. झालेली इजा अपडेटने भरून येत नाही.

प्रश्न : मी शाळेत आहे. मामाने दिलेल्या पैशांतून पहिला पीसी स्वतः जोडला. बी६५० बोर्ड, रायझन ५ ७६००, डीडीआर५ रॅम. सुरू केला की पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. मी दोन मिनिटांनी बंद करतो आणि पुन्हा चालू करतो. बोर्ड जळाला का?

उत्तर : जळालेला नसण्याचीच शक्यता जास्त आहे, घाबरू नकोस. आधी ते बंद-चालू थांबव. डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमच्या प्रत्येक पट्टीशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात कित्येक मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. तू दोन मिनिटांनी वीज तोडतोस आणि ते काम दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं. एकदा चालू कर आणि पंधरा मिनिटं हात लावू नकोस.

तरीही काही दिसलं नाही तर बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे शोध, त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं असतं. जो दिवा पेटून राहतो तिथे बोर्ड अडकला आहे. डीरॅम असेल तर एकच पट्टी ठेव, सॉकेटपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि खटका ऐकू येईपर्यंत दाब. सीपीयू असेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिनांची वायर बघ. चोवीस पिनांची लावून ही विसरणारे पुष्कळ असतात. मॉनिटरची केबल कुठे लावली आहेस? ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावायची, नसेल तर बोर्डाला. ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स असतं, तेव्हा कार्डाशिवायही डिस्प्ले यायला हवा. पहिला पीसी स्वतः जोडलास याचा मला फार आनंद झाला. काय झालं ते नक्की कळव.

प्रश्न : ग्राफिक्स कार्ड सध्या नको म्हणून आतच ग्राफिक्स असलेला रायझन ५ ८५००जी किंवा ८६००जी प्रोसेसर घेणार आहे. कार्ड दोन वर्षांनी. तोपर्यंत जुना होऊ नये म्हणून पीसीआय एक्सप्रेस ५.० चा बोर्ड घेऊ का?

उत्तर : नको. ग्राफिक्स स्लॉटचे मार्ग थेट प्रोसेसरमधून येतात, आणि हे दोन्ही प्रोसेसर ४.० चेच आहेत. तेही ८६००जी कार्डाला आठ मार्ग देतो आणि ८५००जी फक्त चार. बोर्डावर ५.० छापलेलं असलं तरी यात काही बदलत नाही. पुढे कार्ड घ्यायचं नक्की असेल तर या दोघांत ८६००जी घ्या. बोर्डावरचे वाचलेले पैसे रॅमकडे वळवा : आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून दोन पट्ट्या हव्यातच आणि ६००० वेगाच्या मिळाल्या तर उत्तम. बोर्डाच्या मागे तुमच्या मॉनिटरला लागतो तो पोर्ट आहे का, तेही बघून घ्या. दोन मॉनिटर लावणार असाल तर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही हवेत.

प्रश्न : खोकं उघडलेला, कोणीतरी परत केलेला एएम५ बोर्ड कमी किमतीत मिळतोय. घ्यावा का?

उत्तर : सॉकेट बघू देत असतील तरच. एएम४ पर्यंत पिना प्रोसेसरला असायच्या, एएम५ पासून त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये आल्या, एकूण १७१८. एखादी जरी वाकली तरी रॅमची एखादी पट्टी बोर्डाला दिसेनाशी होते किंवा बोर्ड सुरूच होत नाही. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि ओळींवरून नजर फिरवा. चमक सगळीकडे एकसारखी हवी. एखाद्या ठिकाणी ठिपका वेगळा चमकला तर घेऊ नका. सगळं ठीक असेल तर तिथेच सॉकेटचा जवळून फोटो काढा. प्रोसेसर बसवताना निघणारं काळं प्लॅस्टिकचं झाकणही खोक्यात जपून ठेवा, कारण बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते सॉकेटवर लावून पाठवायला सांगतात.